सुतिनाची सहल

"ब्रेक! अरे, ब्रेक दाब!" वागिमिन ओरडला आणि त्याने उजवा पाय पायाखालच्या पत्र्यावर दाणकन आपटला.

"काका, बस आता मी चालवतोय," पुढून जारोत हसला. त्याला बस चालवायला शिकवलं होतं ते वागिमिननेच. वागिमिनच्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, सुतिनाने, हसू दाबायला ओढणी तोंडावर धरली.

वागिमिनला निवृत्त होऊन तीन दिवस झाले होते. जावातल्या या डोंगराळ रस्त्यावर त्याने एकतीस वर्षं बस हाकली. पहिले दोन दिवस तो ओसरीवर बसून नुसता भिंतीकडे बघत होता. आज सकाळी त्याला एकदम बायकोची दया आली. बिचारीचा सगळा जन्म चुलीपाशी गेला!

"ऊठ, तयार हो," तो म्हणाला, "तुला जग दाखवतो."

जग म्हणजे त्याच्या वाटेवरचे तीन थांबे. राणीचा हौद, डचांच्या वेळचा झुलता पूल आणि टेकडीवरचं जुनं दगडी देऊळ. रोज थांब्यांची नावं ओरडून त्याचा घसा बसायचा, पण उतरून यातलं एकही त्याने पाहिलं नव्हतं. ते मात्र तो बोलला नाही.

हौदाचं पाणी हिरवंगार होतं. "ही राणी फार मोठी होती बरं का," वागिमिनने माहिती द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात पायरीवर कपडे धुणाऱ्या बायका ओरडल्या, "सुतिनाताई! आज उडी नाही मारायची?"

"आज नको गं," सुतिना म्हणाली. तिचे कान लाल झाले.

पुढच्या थांब्यावर, पुलावर, वागिमिन दोरी धरून एकेक पाऊल टाकू लागला. सुतिना मात्र पुढे चालली होती. "आठवी फळी सैल आहे, अहो. नववीवर पाय टाका." मधोमध पोहोचल्यावर तिने मुद्दाम पूल हलवला. तो दोरीला मिठी मारून किंचाळला, मग स्वतःच्याच किंचाळीला हसायला लागला. हसता हसता दोघं खालीच बसली.

टेकडीच्या पायथ्याशी तिकीटवाल्याने तिकीट फाडलंच नाही. "काकू, आज गुरुवारी कशा? मंगळवार चुकवलात ना? आणि हे कोण, पाहुणे?"

"मी नवरा आहे तिचा!" वागिमिन म्हणाला.

वर पोहोचेपर्यंत तो धापा टाकत होता. देवळाच्या भिंतीवर दगडात कोरलेली माकडं मजेत खात बसली होती. सुतिनाने केळीच्या पानात बांधून आणलेला भात उघडला.

"किती वर्षं हे चाललंय?"

"धाकटीचं लग्न झालं तेव्हापासून. अकरा. शेतातून पायवाट आहे, अर्ध्या तासाची. घरात बसून जीव आंबायचा."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी चालवताना वर बघितलं असतं. तीस माणसं नदीत गेली असती."

"वर? वर कशाला बघणार मी?"

सुतिना उत्तर देणार, तेवढ्यात खाली भातखाचरांच्या वळणावर भोंगा वाजला. आगपेटीएवढी हिरवी बस झाडांतून बाहेर आली. जारोत परत निघाला होता. हातातला भात तसाच टाकून सुतिना उठली आणि कठड्यापाशी धावली. तिने ओढणी सोडली, डोक्यावर गरागरा फिरवली, आणि टाचा उंचावून, दरवेळी ओरडायची तशी, त्या बसकडे बघून जिवाच्या आकांताने ओरडली, "अहोऽऽऽ!"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच उत्तर आलं. तिच्या अगदी कानाशी, तोंडात भात तसाच असताना, वागिमिन दुप्पट मोठ्याने ओरडला, "ओऽऽऽ!"