दहा मिनिटांची सोय

"मॅडम, नव्या सर्व्हरवर मेल क्षणात जातो. ही जुनी दहा मिनिटांची अडवणूक काढून टाकू?" इंजिनिअरने विचारलं.

"बाकी काय हवं ते काढा, तेवढी राहू द्या," घोलपबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या.

रागाच्या भरात पाठवलेला मेल परत घेता यावा, म्हणून बाईंनीच पूर्वी ऑफिसात प्रत्येक मेल दहा मिनिटं रोखून धरायची ती सोय केली होती. साहेबांच्या कितीतरी शिव्या तिथेच जिरल्या होत्या. बाईंचे तीन राजीनामेही.

दुपारी नवा सर्व्हर सुरू झाला. सोय शाबूत आहे का, हे बघायला एक मेल पाठवायलाच हवा होता. बाईंनी चौथा राजीनामा पाठवला आणि चहा मागवला.

चहा संपला, तरी त्यांनी माउसला हात लावला नाही.

"गेला का मेल?" इंजिनिअरने विचारलं.

"गेला," बाई म्हणाल्या. "पूर्ण दहा मिनिटं थांबला होता हो."