निळ्या पट्ट्याची गाडी

"बाबांना एक नंबरच्या दवाखान्यात जागा मिळाली. आता निर्धास्त राहा," त्याने फोनवर बहिणीला सांगितलं.

वडील बहिणीकडे, शेजारच्या जिल्ह्यात राहत. त्यांच्या छातीत कळ आल्यावर त्याने ओळखीपाळखी काढून, हातापाया पडून तिथल्या दवाखान्यात ही जागा मिळवली होती. बाबांवर त्याचा फार जीव. फोन त्याने खणात टाकला. वशिला लावणाऱ्यांचा त्याला भारी राग.

या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखल विभाग तोच सांभाळायचा. सगळे त्याला जकातनाका म्हणत. यंदा राजधानीने दवाखान्यांच्या पैशाचा कारभार जिल्ह्यांच्या हाती दिला होता. त्यात मेख अशी, की ज्या जिल्ह्याच्या दवाखान्यात माणसं कमी दगावतील त्याला निधी जास्त. त्यामुळे बाहेरचा गंभीर पेशंट म्हणजे नसती ब्याद.

"शेजारच्या जिल्ह्यात बघा, कुणी मरतच नाही!" मोठ्या डॉक्टरीणबाई जळफळायच्या. "काय जादू करतात कोण जाणे."

जकातनाक्याचं एक पथ्य होतं. बाहेरच्या रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडायचंच नाही. चेहरा दिसला की माणूस विरघळतो.

दुपारी निळ्या पट्ट्याची गाडी फाटकाशी थांबली. शेजारच्याच जिल्ह्याची. तो छत्री घेऊन रुबाबात बाहेर गेला.

"साहेब, इथे सोडायचा हुकूम आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"तुमचा पेशंट तुम्हीच ठेवा."

"धुगधुगी आहे हो अजून! एकदा आत बघा तरी."

"आमचा निधी कापला तर तुम्ही भरणार का? वळवा गाडी."

मागच्या दारावर आतून कुणीतरी थापटलं. हळूच, जणू झोपमोड होऊ नये म्हणून. पण त्याने पाठ फिरवली आणि पहारेकऱ्याला फाटक लावायला सांगितलं. गाडी बराच वेळ तिथेच घुटमळली. मग गेली.

"शाब्बास, जकातनाका!" डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासाठी चहा मागवला.

चहा पिता पिता त्याने खण उघडला. फोन थरथरत होता.

"दादा, कधीची फोन करतेय!" बहीण धापा टाकत होती. "अरे, दवाखान्यातले म्हणाले, बाबांना आता इथे ठेवता येणार नाही. मला गाडीत बसूही दिलं नाही. पण तुझ्याकडेच पाठवताहेत म्हटल्यावर बाबा हसले रे. म्हणाले, दार उघडायला माझा पोरगा आहे तिथे."