खिडकीतली वाळू

“ड्यूनस्केप, ड्यूनस्केप,” असं पुटपुटत ती बाईंच्या घराचा जिना चढली. वाटेत दोघीतिघींनी हाक मारली, पण तिनं मान वर केली नाही. तोंड उघडलं असतं तर शब्द सांडला असता.

बाईंनी दार उघडलं तसं तिनं विचारलं, “बाई, ड्यूनस्केप म्हणजे काय हो?”

जन्मभर इंग्रजी शिकवून आता निवृत्त झालेल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “हा शब्द कुठून आणलात?”

“लेकीनं सांगितला. फोनवर.”

बाईंनी आधी दार लावून घेतलं.

लेक बाईंची लाडकी विद्यार्थिनी. घरच्यांनी नाकारलेल्या एका सुतारकाम करणाऱ्या मुलाशी लग्न करून ती पळून गेली होती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. बाप आणि थोरला भाऊ गावंच्या गावं पालथी घालून हात हलवत परत आले होते. बापानं तर तिचं नावच टाकलं होतं. आई तेवढी शिवणयंत्रावर बसून राहिली. गणवेश शिवून घ्यायला येणाऱ्या बायका आता कापडापेक्षा तिच्या तोंडाकडेच जास्त बघत. दात विचकून चौकशी करत. ती टाचण्या ओठात धरून शिवत राही.

“कुठे आहे म्हणाली?” बाईंनी विचारलं.

“सांगते कुठली! म्हटलं, बये, पत्ता नको देऊस. पण खिडकीतून काय दिसतं तेवढं तरी सांग. तर हसली आणि म्हणाली, ड्यूनस्केप. लहानपणापासूनची खोड तिची. मला कळू नये असं काही असलं की जडसं इंग्रजी फेकायचं.”

बाईंनाही हसू आलं. मग डोळे भरून आले.

“लँडस्केप ऐकलंय ना तुम्ही? भिंतीवर लावतात तसं डोंगर-शेतांचं चित्र? तसाच हा. ड्यून म्हणजे वाऱ्यानं रचलेली वाळूची टेकडी. नजर जाईल तिथवर नुसत्या वाळूच्या टेकड्या दिसल्या, की तो देखावा म्हणजे ड्यूनस्केप. फार कुणी वापरत नाही हा शब्द. मीच शिकवला होता तिला, निबंधात घालायला.”

“नुसती वाळू? अशा ठिकाणी माणसं राहतात?”

“राहतात की. किनाऱ्याची बस जिथे संपते ना, मिठागरांच्या पलीकडे…” बाई एकदम थांबल्या. जीभ चावल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. “ताई, घरच्या पुरुषांच्या कानावर घालू नका हं.”

“बाई, मी तिची आई आहे,” ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

बाईंनी तिचा हात हातात घेतला. मग बसचा रस्ता नीट समजावून सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली. थोरला म्हणाला, “मी गाडीनं सोडतो.”

“नको. तुला बघून ती दार उघडायची नाही.”

नवरा मात्र बसथांब्यापर्यंत आला. इतक्या दिवसांत त्यानं बायकोची पिशवी पहिल्यांदाच उचलली होती. बस आली तेव्हा एवढंच म्हणाला, “पोचलीस की फोन कर.”

शेवटच्या थांब्यावरच्या किराणावाल्यानं घर दाखवलं. लेकीनं दार उघडलं आणि आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. तिचं पोट आईच्या पोटाला टेकलं. आईनं खाली पाहिलं.

“कितवा?”

“पाचवा लागलाय.”

जावई आतून धावत आला. केसांत लाकडाचा भुसा, हातात पाण्याचा पेला. घाईत निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. “आई, जेवल्याशिवाय जायचं नाही हं,” म्हणत तो चुलीकडे पळाला.

“शोधलंस कसं गं?” लेक डोळे पुसत हसली.

“तूच तर सांगितलंस.”

“बाईंकडे गेलीस! मला वाटलंच नव्हतं.” तिनं आईला खिडकीशी ओढत नेलं. बाहेर टेकडीमागे टेकडी, सगळी पिवळट, मुकी. “हेच ते. वारा सुटला की टेकड्या जागा बदलतात, आई. सकाळी इथं असलेली संध्याकाळी तिथं. आपलं पाऊलसुद्धा मागे उरत नाही.”

आईनं खिडकीतून वाकून दोन्ही बाजूंना नजर फिरवली.

“शेजारपाजार?”

“कुणी नाही. म्हणून तर इथं आलो. बाबा अजून रागातच आहेत का गं? येतील कधी?”

“येतील,” आई म्हणाली. तिनं लेकीची सुटलेली बट कानामागे सारली. “तू बस. उभी नको राहूस अशा दिवसांत. मी पोचल्याचा फोन करून येते.”

ती ओट्यावर गेली आणि दार मागे ओढून घेतलं. नवऱ्यानं पहिल्याच घंटीला फोन उचलला.

“हो, दोघंही घरातच आहेत,” ती हळू आवाजात म्हणाली. “थोरल्याला सांगा, फावडं एकच पुरे. सगळी वाळूच आहे, खणायला वेळ लागायचा नाही.”