खालचा झरा

बहात्तरच्या उन्हाळ्यात पंपांवर संशोधन करणारे खोडके इंजिनिअर मानोरा गावाजवळ उकंडराव पाटलांच्या विहिरीवर नव्या पंपाची चाचणी घेत होते. त्यांच्या हिशेबानं दुपारपर्यंत विहिरीनं तळ दाखवायला हवा होता, पण पाणी इंचभरही उतरलं नव्हतं. गड्यांनी देवीची कृपा म्हणत नारळ फोडला.

तेवढ्यात पलीकडच्या बौद्धपुऱ्यातून रुख्मिणीबाई रिकामी बादली घेऊन आली.

“साहेब, आमची विहीर आटली. सकाळी तं पाणी होतं तिच्यात.”

खोडक्यांनी दोन विहिरींमधल्या जमिनीकडे पाहिलं आणि ते इंजिन बंद करायला वाकले.

उकंडरावांनी त्यांचा हात धरला.

“गणित जुळलं न साहेब? मंग चालू राहू द्या.”