पायवाट वाचवा

किनाऱ्यावरच्या पाच दिवसांच्या पायी सहलीला आम्ही आठजण होतो. पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी कड्यावर उभं राहून भाषण ठोकलं, आमच्या सह्या घेतल्या आणि फोनवरून हरकतीचा अर्ज पाठवूनही दिला: या सगळ्या किनाऱ्यावर गाडीरस्ता नको, ही सुंदर पायवाट अशीच राहू द्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचाच पाय मुरगळला. गाइडने गावातून चौघांना बोलावलं. लांब उभ्या असलेल्या गाडीपर्यंत न्यायला त्यांनी प्राध्यापकांना खुर्चीत बसवून खुर्ची अलगद खांद्यावर घेतली.

"सवय दिसते तुम्हाला!" प्राध्यापक म्हणाले.

"तर काय! मागच्या महिन्यात सुनेला बाळंतपणाला अशीच नेली," पुढचा म्हातारा म्हणाला. "आता रस्ता मंजूर झालाय. या आठवड्यात कुणाची हरकत आली नाही, की सुटलो."

प्राध्यापकांनी डोळे मिटून विचारलं,

"गाडी अजून किती लांब आहे हो?"