सड्यावरचा देव

"मुळासकट हवंय," सर जीपमधून उतरतानाच म्हणाले. कोकणातल्या त्या अख्ख्या कातळसड्यावर एका दुर्मीळ जातीचं एकच रोप उरलं होतं, आणि तेही त्यांना वाळवून, कागदावर चिकटवून आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या कपाटात ठेवायचं होतं!

त्यांचा चहा होईपर्यंत मी पुढे पळाले आणि रोपाशेजारच्या दगडाला घरून तेलात कालवून आणलेला शेंदूर फासून आले.

सर खुरपं घेऊन पोचले, तर वाटाड्या शिगवणकाकांनी दगड बघताच चपला काढल्या. "सर, देवाच्या जाग्यातलं काय उपटायचं न्हाय."

कट्टर नास्तिक सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दगडाला बोट लावून नमस्कार केला आणि नुसते फोटो काढून परत फिरले.

जीपमध्ये केशरी बोट रुमालाला पुसत ते पुटपुटले, "पुढच्या वेळी आदल्या दिवशी लाव. वाळायला वेळ लागतो."