गोल फिरणारं चक्र

ऑफिसचा कुठलाही फॉर्म उघडायचा म्हटलं की स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत बसायचं. सर्व्हर प्रत्येकासाठी अख्खा फॉर्म नव्याने बनवायचा. प्रोग्रामरबाईंनी तो एकदाच बनवून तयार ठेवायची सोय केली आणि फॉर्म पापणी लवते न लवते तोच उघडायला लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनीसुद्धा.

आठवड्याभरात साहेब तणतणत त्यांच्या टेबलाशी आले. "अहो बाई, काय करून ठेवलंत हे? मी ओरडलो की लोक पूर्वीही तावातावाने राजीनाम्याचा फॉर्म उघडायचे. पण ते चक्र फिरता फिरता राग निवायचा आणि गपचूप कामाला लागायचे. आता माझं ओरडून होईपर्यंत फॉर्म भरून मोकळे! निम्मा मजला ओस पडलाय. तेवढा एक फॉर्म पहिल्यासारखा रखडवून द्या. आजच्या आज!"

"आता दुसऱ्या कोणाला तरी सांगा, साहेब," ड्रॉवरमधलं सामान पिशवीत भरत बाई म्हणाल्या. "काल तुम्ही माझ्यावर ओरडलात ना, तेव्हा मीही उघडला. खरंच फार झटकन उघडतो हो!"